सातशेच्या आत

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आईला तर नाहीच. मी याद्या करणारी बाई आहे. वाणसामानाची यादी, प्रवासाची यादी, औषधांची, कोणत्या पाहुण्याला चहात साखर किती याचीसुद्धा. आणि सहा वर्षांत यातल्या एकाही यादीत मी या गोष्टीला एक ओळ दिलेली नाही. विसरले म्हणून नव्हे, हे तुम्हाला कळेलच.

सरळ सांगून टाकायचं असं ठरवून बसले होते. जमत नाहीये. आधी गाडीचं सांगते.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. रवी, माझा नवरा, हवाई दलात होता. शेवटचं पोस्टिंग चंडीगडला मिळालं, निवृत्तीनंतर झिरकपूरला फ्लॅट घेतला आणि इथेच राहिलो. मी आयटी पार्कमधल्या एका कंपनीत प्रकल्पांची वेळापत्रकं सांभाळते. म्हणजे तिथेही याद्याच. रवीला वेड गाड्यांचं. त्याच्यासारखेच दहा-बारा जण इथे त्याला भेटले. कुणी निवृत्त अधिकारी, कुणी डॉक्टर, एकाचं फर्निचरचं दुकान. वर्षातून दोनदा सगळे मिळून दिल्लीपलीकडचा एक ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घ्यायचे आणि आपापल्या जुन्या गाड्या पळवायचे. बक्षीस नाही, कप नाही. घड्याळ मात्र होतं, आणि चिडवाचिडवी भरपूर.

आमची गाडी म्हणजे एक जुनी छोटी हॅचबॅक. इंजिनाची ताकद वाढवणं खर्चाचं आणि कटकटीचं काम. वजन कमी करणं मात्र कष्टाचं आणि हिशेबाचं. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, वळणावर कमी ओढते. हिशेब म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. खरं तर मी ते ओढूनच घेतलं.

कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी आठशे साठ किलोच्या आसपास होती. मी मोबाईलवर एक तक्ता केला. पुर्जा, वजन, काढायचा की ठेवायचा, कोणी काढला, परत बसवायचा असल्यास बसवला का. शेवटच्या रकान्यात हिरवी टिक. मागचं सीट गेलं. गालिचे गेले. जमिनीला चिकटवलेली डांबरी शीटं आम्ही जानेवारीच्या थंडीत छिन्नीने उचकटली, कारण गारठ्यात ती पापडासारखी तुटतात. एसी गेला, स्टेपनी गेली, स्पीकर, काचा वर-खाली करणाऱ्या मोटारी, दारांच्या आतली आवरणं, शेजारचं सीट. मागच्या काचेच्या जागी प्लॅस्टिकचा पातळ पारदर्शक पत्रा आला. प्रत्येक वस्तू मी स्वतः काट्याला लटकवून तोलली. हसू नका, पण मला त्या दिवसांत फार सुख वाटलं. एकेक ओळ खोडली जाते आहे, आकडा उतरतो आहे. घरात असं कधी होतं का?

हे सगळं काम झालं मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये, बलकार सिंगच्या गॅरेजात. बलकार पाजी रवीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. ग्रुपमधल्या निम्म्या गाड्या त्यांच्याच हाताखालून जायच्या. कागद-पेन त्यांनी कधी हातात धरलं नाही. बोल्ट किती आवळायचा ते मनगटाला माहीत, असं म्हणायचे. माझा मोबाईल दिसला की कारागिरांना सांगायचे, “काम सीधा करो ओए, इन्कम टैक्सवाली भाभीजी आ गईं.” मी चिडायचे नाही. उलट मला ते आवडायचं.

शेवटी बॉनेट. लोखंडी बॉनेट काढून फायबरचं बसवलं, तिथे सात किलो वाचले. असं हलकं बॉनेट वरून दोन पिनांनी अडकवतात. मग आतला मूळचा लॅच — म्हणजे बॉनेट चुकून उघडलंच तर बोटभर उचलून अडकवून धरणारा हुक, त्याची केबल, आतला दांडा — हे सगळं काढून टाकता येतं. बरेच जण काढतातही. मी तक्त्यात ‘काढायचा’ असं लिहिलं होतं. पाजींनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, “पिन का भरोसा पिन जितना ही होता है भाभीजी. हुक रहने दो.” मी ‘काढायचा’ खोडून ‘ठेवायचा’ केलं. फायबरचं बॉनेट बसवताना लॅच सोडावा लागला होता, तो त्यांनी शुक्रवारी माझ्यासमोर परत बसवला. बॉनेट दोनदा आपटून, हुक अडकतो ना ते पाहिलं. मी हिरवी टिक केली. नीट लक्षात ठेवा. मी टिक केली.

शनिवारी त्यांना पुतणीच्या लग्नासाठी रोपडला जायचं होतं, रविवारी आम्हाला ट्रॅकवर.

त्या शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मी एकटी होते. ग्रुपमधल्या डॉक्टरांकडून चार चाकांखाली ठेवायचे वजनाचे पॅड आणले होते, दुपारपर्यंत परत करायचे होते. गाडी वर चढवली. सातशे पूर्णांक पाच.

अर्धा किलो.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? काहीच नाही. ट्रॅकवर एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही नाही. पण मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, गाडी सातशेच्या आत आणीन. आठवडाभर ग्रुपवर तेच चाललं होतं. भाभीजी, रवी सर को दो दिन भूखा रखो. भाभीजी, पेंट भी खुरच दो. मी आकडा टाकला असता तर पुढचं वर्षभर ‘सातशे पूर्णांक पाच’ हेच माझं नाव झालं असतं. एवढंच. यामागे याहून मोठं काही कारण नाही. असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

दहाचा पाना, तीन बोल्ट. केबल ओढून काढली, दांडा सोडवला. काट्यावर एक किलो चाळीस ग्रॅम. पॅडवर परत पाहिलं: सहाशे नव्याण्णव पूर्णांक पाच. त्या आकड्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. काय काढलं, असं रवीने विचारलं. मी सांगितलं, स्पीकरच्या उरलेल्या तारा. तक्त्यात काहीच लिहिलं नाही. शुक्रवारची टिक तशीच राहिली. लॅच मी भंगाराच्या पोत्यात टाकला. सोमवारी भंगारवाला येऊन घेऊन गेला.

रविवारी तिसऱ्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, एका पिनेची क्लिप तुटली. त्यात कुणाचीच चूक नव्हती, पुर्जा तुटतो. बॉनेट उचललं गेलं, वाऱ्याने उलटं होऊन काचेवर आपटलं. काच पांढरी झाली. रवीला समोरचं काही दिसेना. तरी त्याने ब्रेक दाबत गाडी बाहेर काढली, ती टायरांच्या भिंतीला जाऊन धडकली. भुवई फाटली आणि डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दुसऱ्या दिवशी चंडीगडच्या सेक्टर बत्तीसमधल्या सरकारी इस्पितळात त्याला प्लेट बसवली. आज ते मनगट पूर्ण फिरत नाही. बरणीचं झाकण तो माझ्याकडे देतो. सहा वर्षं मी त्याच्यासाठी झाकणं उघडते आहे.

पण मला कबूल करायचं आहे ते हेही नाही. मूर्खपणा झाला, तो मी कदाचित तेव्हाच सांगितला असता. खरंच सांगितला असता का? माहीत नाही. पुढचं ऐका.

रवी ऑपरेशनला आत होता. मी बाहेर बाकावर. ग्रुपमधल्या त्या डॉक्टरांचा फोन आला. गाडी तपासली, हुकच नाहीये, बोल्टची भोकं रिकामी आहेत. भाभीजी, आपकी लिस्ट भेज दो ज़रा. मी तक्ता उघडला. त्या ओळीत हिरवी टिक होती. टिक तशीच पाठवली असती तर सरळ अर्थ निघाला असता की पाजींनी लॅच बसवला होता आणि नंतर कुणीतरी काढला. कुणी? पार्किंगमध्ये गाडी होती, चावी होती माझ्याकडे.

मी टिक पुसली.

बोटाचा एक स्पर्श. रकाना रिकामा झाला. मग यादी पाठवली आणि खाली लिहिलं, चूक माझीही आहे, रकाना रिकामा असताना मी गाडी जाऊ द्यायला नको होती. आलं का लक्षात मी काय केलं ते? स्वतःवर एक छोटीशी चूक घेतली, म्हणजे मोठी कुणी शोधू नये. दोन मिनिटांत उत्तरं आली. हात जोडलेले, धीर देणारे. भाभीजी, आप खुद को दोष मत दो. पाजीला लग्नाची घाई होती, विसरला असेल. रवीनेही शुद्धीवर आल्यावर तेच म्हटलं, बसवणं त्याचं काम होतं, तुझं नाही. माझ्या यादीवर कुणीही संशय घेतला नाही. कधीच घेत नाहीत.

आठवड्याने पाजी घरी आले. हातात किन्नूची, म्हणजे इकडच्या संत्र्यांची पिशवी. रवी आतल्या खोलीत होता, जागा होता, बाहेर आला नाही. त्याला ते भावासारखे होते, म्हणूनच आला नाही. मी दारातच उभी राहिले. पाजींनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. मला म्हणाले, “भाभीजी, मुझे लगता है मैंने हुक लगाया था. आपकी लिस्ट में क्या है?”

लगता है, म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं. फक्त माझ्याकडून एक शब्द हवा होता.

मी म्हणाले, “नहीं पाजी, लिस्ट में खाली है.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. म्हणाले, “फिर मैं ही भूला.” पिशवी माझ्या हातात दिली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरून गेले.

त्यानंतर ग्रुपच्या गाड्या एकेक करून दुसरीकडे जायला लागल्या. कुणी जाहीर काही म्हटलं नाही. आमची गाडी तळघरात ताडपत्रीखाली गेली. पाजींचं नाव घरात निघेनासं झालं. फक्त सई, आमची मुलगी, तेव्हा शाळेत होती, ती मधूनच हिंदीत विचारायची, “पाजी अब क्यों नहीं आते?” सई मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. मी तिला मराठीत सांगायचे, बाळा, मोठ्यांच्या गोष्टी आहेत. आणि विषय बदलायचे.

मग आता का सांगते आहे? सई आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर तिने ताडपत्री काढली. म्हणाली, ती ही गाडी पुन्हा उभी करणार आणि स्वतः चालवणार. रवी सहा वर्षांत पहिल्यांदा गाडीविषयी बोलला. दोघं रविवारी खाली जाऊन बसायला लागले. मला जुनी मागची लाईट शोधायला पाठवलं, तीन आठवड्यांपूर्वी, मोटर मार्केटमध्ये. मी मुद्दाम पलीकडच्या गल्लीने गेले. तरी पाजींनी पाहिलंच. हाक मारली. आत नेलं.

भिंतीवर एक पांढरा फळा होता. गुरुमुखीत लिहिलेला. अक्षर मला वाचता आलं नाही, पण वाचायची गरजच नव्हती. रकाने माझे होते. पुर्जा, काढला, बसवला, तपासला. प्रत्येक ओळीला दोन टिका, एक त्यांची आणि एक दुसऱ्या मिस्त्रीची. माझी नजर तिथे गेलेली पाहून ते जरा ओशाळले. म्हणाले, “आपसे ही सीखा. उस दिन के बाद अपने हाथ का भरोसा नहीं रहा जी.”

ब्रेकचं काम आता ते स्वतः करत नाहीत, असंही सांगितलं. दुसऱ्याकडून करवून घेतात आणि वर उभं राहून बघतात.

गिऱ्हाईकं तुटली, नाव गेलं, हे मला ठाऊक होतं. त्याच्याशी मी कसंबसं जमवून घेतलं होतं. माणूस जमवून घेतो, नाही का? पण हे मला माहीत नव्हतं. जो माणूस मनगटाने बोल्ट ओळखायचा, तो सहा वर्षं स्वतःवर दुसरी टिक घेतो आहे. मी त्याची रोजी नेली नाही, तशी ती थोडीफार चालू आहे. मी त्याची आठवण नेली. त्याला जे खरं आठवत होतं, ते खोटं आहे असं त्याच्या तोंडावर सांगितलं. आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं आणि थांबले. आज रविवार आहे. पुढचं लिहिते.

काल सकाळी रवीला सांगितलं. क्रमाने, काही न गाळता. सई बाहेर गेली होती. त्याने एकच प्रश्न विचारला, “टिक कधी पुसलीस? मी आत असताना?” मी हो म्हटलं. तो उठला, चपला घालून बाहेर गेला, दुपारी परत आला. जेवला. मग म्हणाला, पाजींकडे मी तुझ्याबरोबर येणार नाही, तू एकटी जा. आणि उद्याच जा. मग म्हणाला की पाजींना जाऊन भेटायचं ते तो स्वतः वेगळा भेटेल, तोही त्यांचं देणं लागतो, तो त्या दिवशी दाराबाहेर आला नव्हता.

आज सकाळी गेले. गॅरेज अर्धं उघडं होतं, पाजी एकटेच होते. बसा म्हणाले, मी उभीच राहिले. हिंदी माझं चांगलं आहे, पण आज वाक्यं धड होत नव्हती. तरी सांगितलं. शनिवार, दहाचा पाना, अर्धा किलो. बाक, टिक. किन्नू घेऊन आलात तेव्हा मी दारात उभी राहून खोटं बोलले, तेही. मोबाईलवरच्या तक्त्याच्या जुन्या प्रती निघतात, बदल कधी केला त्या वेळेसकट. मी शुक्रवारची प्रत काढली आणि त्यांच्यापुढे धरली. मराठी त्यांना येत नाही. हिरवी टिक बघितली.

बराच वेळ बघितली. मग म्हणाले, “तो मैंने लगाया था.”

मी म्हटलं, हां पाजी. दो बार बॉनेट पटककर देखा भी था.

“लगाया था मैंने,” ते पुन्हा म्हणाले. मला नव्हे. खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता ओरडतील. मी तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “आज चाय नहीं पूछूँगा, भाभीजी.”

मी बरं म्हटलं. माफ करा असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. ग्रुपवर टाकायचा मजकूर मी लिहूनच नेला होता. सगळी नावं, सगळा क्रम, माझं नाव पहिलं. त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एक गोष्ट दुरुस्त केली: लॅच शुक्रवारी सकाळी नव्हे, दुपारी बसवला होता. जेवणानंतर. त्यांना आठवत होतं. मी दुरुस्ती केली आणि तिथेच उभं राहून पाठवून दिला.

बाहेर पडेपर्यंत मोबाईल वाजायला लागला होता. मी तो बघितला नाही. गाडीत बसले. पाजी शटरपाशी येऊन फोनवर घरी बोलत होते, पंजाबीत. “मैं लाया सी,” म्हणजे तेच, मीच बसवला होता. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, हात हलवत. मी गाडी सुरू केली. आरशात दिसलं, तो फोन ठेवून त्यांनी लगेच दुसरा लावला होता. काच खाली होती, म्हणून वळेपर्यंत ऐकू येत राहिलं. आवाज आता चांगलाच मोठा होता.

“ओए सुण — मैं लाया सी.”